तोंडातला पांढरा डाग : पुसून पाहा, दिवस मोजा



बैलबाजारात आपण खोंड घ्यायला जातो तेव्हा पहिले काम काय करतो? त्याचे तोंड उघडतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे बघतो. जीभ बघतो, लाळ बघतो, हिरड्यांवर फोड आहे का ते बघतो. मगच रुमालाखाली हात जातो. पण स्वतःचे तोंड आरशापुढे उघडून आपण शेवटचे कधी पाहिले? दाढी करताना आपण गाल बाहेरून बघतो, आतून कधीच बघत नाही.

गेल्या आठवड्यात आपण हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी बोललो. आठवड्यातून दोनदा शेतात फेरी मारावी, एका मीटर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की सावध व्हावे, घाटे पोखरले जाईपर्यंत थांबू नये, असे मी लिहिले होते. आज हेच सांगायचे आहे, फक्त शेत वेगळे आहे. हे शेत आपल्या तोंडात आहे. त्यात पांढरा डाग दिसला तर तो कसला, त्याला भ्यावे की नाही, घरी काय करावे आणि दवाखान्यात केव्हा जावे, याचा आज विचार करू.

मी शेतकी खात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय मी का घेतला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे तुम्हाला पटेल.

माझी स्वतःची गोष्ट

नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या सहकाऱ्याने मला शिकवले, ‘शेतकऱ्याला बोलते करायचे असेल तर बांधावर बसावे आणि तंबाखूची चंची काढावी.’ ते खरेही होते. तळहातावर तंबाखू-चुना मळला, अर्धी चिमूट समोरच्याला दिली, की माणूस मोकळा होई. कोणते बियाणे उगवले नाही, कोणाचे कर्ज थकले, सारे कळे. वीस वर्षे मी खालच्या ओठाच्या आत डाव्या बाजूला बार धरत आलो.

२०१४ सालच्या उन्हाळ्यात एका गावात फवारणी करताना घ्यायच्या काळजीवर माझे व्याख्यान होते. शेजारच्याच खोलीत दातांचे शिबिर चालले होते. बायाबापड्या आत जायला संकोचत होत्या. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही आधी बसा, म्हणजे बाकीचे येतील.’ मी हसत खुर्चीत बसलो. त्यांनी ओठ खाली ओढला आणि त्यांचे हसणे थांबले. त्यांनी मला आरसा दिला. जिथे मी बार धरत असे, तिथे रुपयाएवढा पांढरा, सुरकुतलेला चट्टा होता. कापसाच्या बोळ्याने त्यांनी तो पुसून पाहिला, निघाला नाही. मला तो कधी दुखला नव्हता, म्हणून कधी कळलाही नव्हता.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा छोटा तुकडा काढून तपासणीला दिला. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मला पाऊस, पेरणी, बियाणे, काही सुचले नाही. अहवाल आला. कर्करोग नव्हता, पण पेशींत बदल सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, ‘तंबाखू आज सोडाल तर हा चट्टा कदाचित जाईल. नाही सोडलीत तर पुढचा अहवाल असाच येईल याची खात्री मी देत नाही.’ मी चंची तिथल्याच कचऱ्याच्या पेटीत टाकली. तीन महिन्यांत चट्टा बराचसा विरला. तरी सहा महिन्यांनी तोंड दाखवून येण्याचा माझा नेम अजून मोडलेला नाही.

पांढरे सारेच वाईट नसते

द्राक्षाच्या पानावर पांढरे दिसले तर आपण आधी बोटाने पुसून पाहतो. पुसले गेले तर भुरी असेल किंवा नुसती धूळ असेल. पुसले गेले नाही तर दुसरे कारण शोधतो. तोंडातही पहिली परीक्षा हीच. हात स्वच्छ धुवावा, चूळ भरावी, बोटाला स्वच्छ ओले कापड गुंडाळून डाग हलक्या हाताने पुसून पाहावा. खरवडू नये. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : पुसला जातो का? दुखतो का? किती दिवस झाले?

आता नेहमी दिसणारे प्रकार एकेक पाहू.

पहिला, ज्याची काळजीच नको असा. दोन्ही गालांच्या आत, दात जिथे मिटतात त्या पातळीवर आडवी पांढरी रेघ अनेकांना असते. दातांच्या घासण्याने ती उमटते. तसेच ओठाच्या व गालाच्या आत रव्याच्या कणांसारखे पिवळसर पांढरे ठिपके असतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. हे दोन्ही जन्मभर राहिले तरी बिघडत नाही. जिभेवर सकाळी जो पांढरा थर दिसतो तो बहुधा अन्नाचा व मेलेल्या पेशींचा असतो. रोज जीभ हलक्या हाताने साफ करावी आणि पाणी पुरेसे प्यावे.

दुसरा, तोंड येणे. हे सर्वांच्या परिचयाचे. मधे पांढरट-पिवळा आणि कडेने लालभडक असा लहान व्रण, तिखट लागले की डोळ्यांत पाणी. हा दुखतो खूप, पण स्वभावाने गरीब असतो. आठ ते चौदा दिवसांत आपोआप भरतो. जाग्रण, काळजी, जीभ किंवा गाल चावला जाणे, ही त्याची कारणे. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भराव्यात आणि तिखट-मसाला बंद ठेवावा. वरचेवर तोंड येत असेल तर अंगात रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्व, फॉलिक आम्ल किंवा लोह कमी पडणे, हे कारण असू शकते. रक्त तपासून घ्यावे. दुकानदाराच्या सांगण्यावरून गोळ्या खात बसू नये.

तिसरा, भाजल्याचा. पानाला चुना जास्त लागला, दाढ दुखते म्हणून डोकेदुखीची गोळी दाढेशेजारी धरून ठेवली, किंवा लवंगेचे तेल जास्त लागले, की तेथली कातडी पांढरी पडते आणि सोलून निघते. कारण बंद केले की आठ-पंधरा दिवसांत बरे होते. गोळी ही गिळण्यासाठी असते, हिरडीवर ठेवण्यासाठी नव्हे.

चौथा, घासण्याचा. तुटक्या दाताची धार किंवा सैल कवळी एकाच ठिकाणी लागत राहिली तर कातडी जाड होऊन पांढरी दिसते. सतत फावडे धरून हाताला घट्टा पडतो तसेच हे. दात घासून घ्यावा, कवळी नीट करून घ्यावी. त्यानंतर दोन आठवड्यांत डाग गेला तर ठीक. नाही गेला तर तो घट्टा नव्हे असे समजून दाखवावा.

बाळाच्या तोंडातले पांढरे

आयाबहिणींनी हे लक्ष देऊन वाचावे. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दूध प्याल्यावर पांढरे दिसते, ते दूध असते आणि सहज पुसले जाते. पण जिभेवर, गालांच्या आत, टाळूवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे दिसत असतील, ते जोर लावल्यावर निघत असतील, खाली लाल दिसत असेल आणि बाळ पिताना रडत असेल, तर ती कॅन्डिडा नावाची बुरशी असते. बुरशी म्हटल्यावर घाबरू नये. हा आजार साधा आहे. डॉक्टर तोंडात लावण्याचे बुरशीनाशक थेंब देतात आणि बाळ थोड्याच दिवसांत बरे होते. ही बुरशी आईच्या स्तनाग्रांवरही असू शकते. तिथे खाज किंवा आग होत असेल तर डॉक्टरांना तेही सांगावे. लाजू नये, कारण दोघांचे औषध एकदम झाले नाही तर आजार परत परत येतो. दूध पाजणे बंद करू नये. बाटली-बोंडले वापरात असेल तर ते रोज उकळावे.

आपल्याकडे अशा वेळी टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडात चोळण्याची चाल होती, अजूनही काही घरांत आहे. ही चाल घातक आहे. टाकणखार बाळाच्या पोटात जाऊन विषबाधा होऊ शकते. एक वर्षाच्या आतील बाळाला मधही देऊ नये. मधातून क्वचित येणाऱ्या जंतूंचे विष त्या वयात झेपत नाही. आजीबाईंचा हात मायेचा असतो यात शंका नाही, पण आता चांगले औषध मिळत असताना जुना धोका पत्करू नये.

हीच बुरशी मोठ्या माणसाच्या तोंडात आली तर प्रश्न वेगळा. ती का आली हे शोधावे लागते. मधुमेह, रात्रंदिवस घातलेली कवळी, दम्याचा फवारा ओढून चूळ न भरणे, प्रतिजैविकांचा मोठा मारा, एच.आय.व्ही.ची लागण, अशी कारणे असू शकतात. जमिनीत ओल साचली की बुरशी वाढते तसे हे. ओल कुठून येते ते पाहावे. कित्येकांचा मधुमेह अशा तोंडावरूनच प्रथम ध्यानात येतो. कवळी रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि दम्याचा फवारा घेतल्यावर दर वेळी चूळ भरावी.

जो दुखत नाही, तोच कपटी

आता मुख्य मुद्दा. पुसला जात नाही, दुखत नाही आणि जात नाही, असा पांढरा चट्टा. डॉक्टर याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. आपल्या भागात तो बहुधा जिथे तंबाखूचा बार, मावा, खर्रा किंवा गुटखा धरला जातो तिथेच येतो, म्हणजे खालच्या ओठाच्या आत किंवा दाढेजवळच्या गालात. बिडी ओढणाऱ्यांच्या ओठांच्या कोपऱ्यांतही येतो. ज्या बायका रोज मशेरीने दात घासतात, त्यांच्या हिरड्यांवर आणि गालांतही येतो. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘मी कुठे तंबाखू खाते, नुसती मशेरी लावते,’ असे म्हणणाऱ्या माउलींनी हे ध्यानी घ्यावे. गर्भारपणात मशेरी लावल्याने पोटातल्या बाळाचे वजनही कमी भरते.

असा प्रत्येक चट्टा कर्करोग होत नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर लोक भीतीनेच दवाखाना टाळतात. बहुतेक होत नाहीत. पण काही होतात, आणि कोणता होणार हे वरून सांगता येत नाही. पांढऱ्यात लाल रंग मिसळला असेल, चट्टा मखमलीसारखा लाल असेल, खडबडीत किंवा टणक झाला असेल, तर धोका अधिक. म्हणून तज्ज्ञाला दाखवावे लागते आणि गरज असेल तर तुकडा काढून तपासावा लागतो.

इथे एक गैरसमज खोडून काढतो. ‘सुरी लावली की रोग पसरतो,’ असे पारावर सांगतात. खोटे आहे. तुकडा तपासल्याने रोग पसरत नाही. उलट न तपासल्याने तो आत वाढत राहतो. माती परीक्षणाला नमुना दिला म्हणून जमीन नापीक होत नाही.

दुसरा प्रकार, तोंड आखडण्याचा. हा मुख्यतः सुपारीमुळे होतो. गुटखा, मावा, खर्रा, सुगंधी सुपारी खाणाऱ्या तरुण पोरांत तो फार दिसतो. आधी तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. मग गालाच्या आतला गुलाबी रंग जाऊन संगमरवरासारखा पांढरट रंग येतो. बोट फिरवले की आत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात. हळूहळू तोंड उघडेनासे होते. परीक्षा सोपी आहे. आपल्याच हाताची तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तीन बोटे गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर लगेच दाखवावे. हा आखडलेपणा पूर्ण मागे जात नाही. सुपारी तत्काळ सोडली, औषधोपचार आणि तोंडाचे व्यायाम केले, तर पुढचे आखडणे थांबवता येते. यातूनही कर्करोग होऊ शकतो. सुपारी शुभकार्यात पूजेला असते, म्हणून ती निरुपद्रवी असे लोक धरून चालतात. पण नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. सुपारी पूजेत राहू द्यावी, दाढेखाली नको.

आणखी एक प्रकार आहे. दोन्ही गालांत पांढऱ्या रेषांची जाळी, विणलेल्या लेससारखी, आणि थोडी जळजळ. त्याला लायकेन प्लेनस म्हणतात. तो लागट नाही. औषधाने आराम पडतो, पण वर्षातून एकदोनदा दाखवत राहावा लागतो.

महिन्यातून एकदा तोंडाची फेरी

दर महिन्याची एक तारीख ठरवावी. पौर्णिमा धरली तरी चालेल, विसरणार नाही. दिवसाच्या उजेडात आरसा घेऊन बसावे. कवळी काढावी, चूळ भरावी. आधी ओठ बाहेरून व आतून पाहावेत. मग एकेक गाल बोटाने ताणून आत पाहावे. हिरड्या दोन्ही बाजूंनी पाहाव्यात. जीभ बाहेर काढून वरचा भाग, मग कापडाने धरून दोन्ही कडा पाहाव्यात. कडा विसरू नयेत, व्रण तिथेच लपतो. जीभ टाळूला लावून खालची बाजू पाहावी. डोके मागे करून टाळू पाहावा. शेवटी जबड्याखाली व मानेला बोटे फिरवून गाठ लागते का ते चाचपावे आणि तीन बोटांची परीक्षा करावी. सारे मिळून पाच मिनिटांचे काम आहे. म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही, त्यांचे तोंड सुनेने किंवा नातवाने बॅटरीच्या उजेडात पाहावे.

आणि हा नियम भिंतीवर लिहून ठेवावा : तोंडातला कोणताही डाग, व्रण किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर दवाखाना गाठावा. पुढील गोष्टी दिसल्या तर दोन आठवडेही थांबू नये : न दुखणारा पण वाढणारा व्रण, पांढऱ्यात लाल, आपोआप रक्त येणे, मानेत टणक गाठ, उगाच हलू लागलेला दात, गिळताना अडखळणे, जीभ नीट न वळणे.

जायचे कुठे? आधी गावचे उपकेंद्र, म्हणजे आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. ३० वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी तिथे विनाशुल्क करण्याची सरकारी योजना आहे. आशाताई त्यासाठीच घरी येऊन फॉर्म भरतात. त्यांना ‘आम्हाला काही झाले नाही’ म्हणून परत पाठवू नका. पुढे लागलेच तर ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईचे टाटा रुग्णालय आहेच, बार्शीलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन चौकशी करावी.

तंबाखू सोडायची कशी?

पूर्वी निकोटीन सल्फेट हे औषध पिकावरचा मावा मारायला वापरत. ते तंबाखूतूनच निघत असे. ज्या विषाने पिकावरचा मावा मरतो, तेच ‘मावा’ नावाने पुडीत बांधून आपली पोरे विकत घेतात. तलफ लावते ते निकोटीन. कर्करोग करतात ती तंबाखूतली दुसरी विषे, पण निकोटीन माणसाला रोज त्यांच्या दारी नेऊन उभे करते. आणि फवारणी करताना मधेच तंबाखू मळणे म्हणजे हाताला लागलेले कीटकनाशकही तोंडात घालणे होय.

माझा अनुभव सांगतो. पहिला आठवडा वाईट गेला. चिडचिड झाली, झोप लागेना, पोट साफ होईना. पण तलफ येते ती पाच-दहा मिनिटांत उतरते, हे कळल्यावर बळ आले. तलफ आली की तांब्याभर पाणी प्यायचो, जागा बदलायचो, बडीशेप किंवा फुटाणे तोंडात टाकायचो. सुपारी नव्हे, हे पुन्हा सांगतो. तीन-चार आठवड्यांनी जोर ओसरला. दिवस ठरवून, चंची, पुडी, चुन्याची डबी सारे घराबाहेर काढून सोडावी. घरच्यांना आणि मित्रांना सांगून सोडावी. एकदा चुकून खाल्ली तर ‘आता काय उरले’ म्हणून पुन्हा सुरू करू नये. पेरणी एकदा फसली म्हणून कोणी शेती सोडत नाही. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

मशेरीचे म्हणाल तर दात घासायला साधी पेस्ट किंवा बारीक दंतमंजन घ्यावे, त्यात तंबाखू नाही एवढे डब्यावर वाचून घ्यावे. घरातल्या मुलाला ‘जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये’ असे कधीही सांगू नये. १८ वर्षांखालील मुलाला तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कायदा आहे तरी पुडी मिळते, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिला कायदा घरातला असावा.

एक राहिलेले सांगणे

लेखाच्या सुरुवातीला बांधावरची अर्धी चिमूट सांगितली. ती ज्यांना देत असे, त्यांत एक शेतकरी होते. मी त्यांना दादा म्हणे. कपाशीचा असा हाताळणारा मी दुसरा पाहिला नाही. माझा अहवाल आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि तोंड दाखवा म्हटले. उजव्या गालात पांढरा चट्टा होता, मधे लाल. ‘दुखत नाही हो साहेब,’ ते म्हणाले. ‘पेरणी उरकू द्या.’ पेरणी उरकली. मग फवारणी आली, मग वेचणी आली. जानेवारीत ते गेले तेव्हा चट्ट्याचा व्रण झाला होता आणि मानेत गाठ आली होती. जबड्याचा भाग काढावा लागला. २०१६ च्या पावसाळ्यात ते वारले.

शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ते त्यातून बाहेर आले आणि आपल्या सवयीची खंत त्यांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवली. आर. आर. आबा २०१५ साली याच रोगाने गेले. मोठ्यांच्या बातम्या होतात. दादांची बातमी कुठे आली नाही. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे दाखवायला मी तीनदा त्यांच्या शेतावर गेलो. त्यांच्या तोंडासाठी मात्र एकदाच बोललो. ‘सांगितले होते’ असे म्हणून माझे समाधान होत नाही. हात धरून न्यायला हवे होते. अर्धी चिमूट देणारा हात माझाच होता.

म्हणून हा लेख. तुमच्या घरात, शेजारी, वाट्याच्या शेतात असा कोणी असेल, तर त्याला नुसते सांगू नका. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, त्याला घेऊन जा. पेरणी आठ दिवस पुढे-मागे होते, तोंडातल्या चट्ट्याला ती सवलत नसते.

आज संध्याकाळी हा अंक वाचून झाला की आरसा काढा. दिवस मावळायच्या आत स्वतःचे तोंड पाहा, मग घरातल्यांचे पाहा. बहुतेकांना काहीच सापडणार नाही, आणि तीही चांगलीच बातमी आहे.

बांधावर मी आजही बसतो. चंचीच्या जागी आता फुटाण्याची पुडी असते. शेतकरी तेवढाच मोकळा बोलतो.

पुढील आठवड्यात उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीविषयी. कळावे, लोभ असावा.